कोमट बल्ब

कामावरून घरी आल्यावर कौतिकला एकच गोष्ट हवी असायची: काही बिघडलेलं नसावं. बाकी त्याचं मागणं काही नव्हतं. भाजी कुठलीही चालायची, चहा गार झालेला चालायचा. पण दारातून आत पाऊल टाकताना बायको "अहो, जरा ते बघा ना" म्हणाली, की त्याला तिथेच उंबऱ्यावर बसून घ्यावंसं वाटायचं.

त्याचंही खरंच होतं म्हणा. बत्तीस वर्षं तो पावरलूमच्या कारखान्यात मिस्त्री होता. सकाळी आठपासून चोवीस मागांच्या खडखडाटात हिंडायचं. इथे धोटा अडकला, तिथे पट्टा तुटला, तिकडे कारीगर नुसताच हात बांधून उभा. दिवसभर ओरडून बोलायचं आणि दुसऱ्याचं ओरडणं ऐकायचं. बिघडलेल्या वस्तूंनी त्याचा जन्म खाल्ला होता. निदान घरातल्या वस्तूंनी तरी आपल्याला सोडावं असं त्याला वाटे, आणि त्या काही सोडत नव्हत्या.

सगळ्यात वाईट खोड बल्बांची. शनवारा दरवाज्यामागच्या गल्लीतलं त्यांचं घर लांबट होतं, वर पत्रे, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. खिडकी एकच, तीही पुढच्या खोलीला. मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा पत्र्यावर उतरला की छताजवळची हवा अशी तापायची, की दोन वर्षांची गॅरंटी छापलेला बल्ब दोन महिन्यांत मान टाकायचा. मग स्टूल काढा, वर चढा, नवा लावा. कौतिकचे गुडघे स्टूल पाहूनच दुखायला लागत.

होळीच्या सुमारास त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कोणी एक हिंदी बोलणारा माणूस तळहातावर बल्ब ठेवून समजावत होता, की एलईडी बल्ब वयाने मरत नाही, उष्णतेने मरतो. कंपनी त्यातल्या उजेडाच्या दाण्यांना गरजेपेक्षा जास्त करंट पाजते, म्हणून ते झगझगीत दिसतात आणि आतल्या आत भाजून निघतात. वरची पांढरी टोपी काढायची. आतल्या चकतीवर मोहरीहून बारीक असे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यातला एक उपटून टाकायचा. करंट निम्म्यावर येतो, बल्ब थंड राहतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

कौतिकला ते लगेच पटलं. जोरात चालवलेला माग लवकर झिजतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने घरातले बल्ब हाती घेतले. पहिला मोरीतला, आठ दिवसांनी ओट्यावरचा, मग मधल्या खोलीतले दोन्ही, अगदी सवडीने, रविवार गाठून. टोपीवर खडूने तारीख घातली. चार-चार तास जळलेला बल्ब तो हात वर करून चाचपायचा. पूर्वी तव्यासारखा चटका बसायचा, आता नुसता कोमट. उजेड थोडा उतरला होता खरा, पण जेवणारा माणूस घास काही नाकात घालत नाही. कौतिकने ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही. घरात होतं तरी कोण? मुलगी भूमिका इंदूरला नर्सिंग शिकत होती. उरली बायको, सुमन. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, की चांगल्या वस्तूची मोडतोड कशाला. तो वाद घालायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

भर उन्हाळ्यातही एकही बल्ब गेला नाही. आयुष्यात एक तरी गोष्ट आपल्यावाचून नीट चालली आहे, एवढंच समाधान घेऊन तो झोपायचा.

सुमन रफू करायची. शालूला, शालीला, कोटाला पडलेलं भोक असं भरायचं, की कापड कधी फाटलंच नव्हतं असं वाटावं. त्याच कापडाच्या दुमडीतून धागा काढायचा, तो केसासारख्या सुईत ओवायचा, आणि एक धागा वर, एक खाली असं करत बोटाएवढ्या जागेत पुन्हा कापड विणायचं. दुपारनंतर पुढच्या खोलीत पश्चिमेचं ऊन शिरे, म्हणून ती मधल्या खोलीत दिव्याखाली बसे. सराफा बाजारातली माणसंसुद्धा तिचं नाव विचारत येत. तिच्या हाताचं काम कौतिकही उलटून-पालटून बघायचा. उभ्या जन्मात कापडाशीच गाठ पडलेल्या त्या माणसालाही जोड सापडत नसे.

वैशाखात ती चिडचिडी झाली. मग गप्प झाली. चिडलेली बायको परवडली, हे कौतिकला उशिरा समजलं. ती सुई दिव्याजवळ नेऊन बघत बसायची आणि तो आला की सुई खाली ठेवायची. भांडी कमी-जास्त आवाज करत जागेवर जात. डबे तिने नव्या क्रमाने मांडले होते. गल्लीतल्या ज्योत्स्नाकडच्या हळदीला जाऊन ती अर्ध्या तासात परत आली.

"एवढ्यात?" त्याने विचारलं.

"तेथचे लाइट डोयाले टोचत होते," एवढंच ती म्हणाली.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्याने तिला शेजारच्या तृप्तीच्या हातात रफूची पेटी देताना पाहिलं. तृप्ती तिच्याकडे वर्षभर काम शिकत होती. पेटीत सुया, कापड ताणायची लाकडी कडी, बारीक कात्री, सगळं होतं. वर एका लग्नाचा शालू घडी करून ठेवलेला.

"हे काय?" तृप्ती गेल्यावर कौतिकने विचारलं.

"मले नही जमत आता." सुमन पदराने हात पुसत राहिली, जरी हात कोरडे होते. "आईचं झालं होतं, तसंच आहे हे. आई म्हनायची, आजकाल संध्याकाय लवकर होते वं. आधी दिवे मंद झाले तिले. मग उजेडाच्या चमकेचा त्रास. मग काहीच नही."

आशाबाई, म्हणजे त्याची सासू, खकनार गावी पन्नाशीत आंधळी झाली होती. शेवटची बारा वर्षं ती भिंत धरून चालली. कौतिकने ते पाहिलं होतं. आता त्याला काहीतरी खटकलं, पण ते नेमकं काय, हे बघायला तो थांबला नाही. माणूस थकला की अशा गोष्टी उद्यावर टाकतो.

"डॉक्टरले दाखवू," तो म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरने तासभर तपासलं. थेंब टाकले, यंत्रावर हनुवटी टेकवली, अक्षरं वाचून घेतली. सुमनने खालची, मुंगीसारखी ओळसुद्धा वाचली. डॉक्टर तरुण होता, हसरा.

"आँखें तो बढ़िया हैं, मौसी. मोतियाबिंद भी नहीं, परदा भी साफ." मग त्याने कपाळाला आठी घातली. "घर में रोशनी कैसी है? काम किस बल्ब में करती हो? कितने वॉट का?"

सुमनने नवऱ्याकडे पाहिलं. घरातली विजेची बाजू त्याची होती.

तेव्हा कौतिकला कळलं. कळलं म्हणजे सगळंच एकदम कळलं. मोरी, ओटा, मधली खोली, खडूच्या तारखा, तिने दिव्याजवळ धरलेली सुई.

"नौ वॉट," तो म्हणाला. बल्बवर तसंच छापलेलं होतं.

"नौ तो ठीक है," डॉक्टर म्हणाला. "माँ की हिस्ट्री बता रही हो, तो एक बार इंदौर दिखा लो. परदे की बड़ी जाँच वहीं होती है." त्याने कागद लिहून दिला.

बाहेर आल्यावर कौतिकला स्वतःची किळस आली. एक साधं वाक्य होतं, ते बोलता आलं नव्हतं. कारखान्यात पोरांनी माग बिघडवून ठेवला आणि तोंड लपवलं, की तो त्यांचा उद्धार करायचा. आज त्याने तेच केलं होतं, तेही बायकोच्या डोळ्यांशी.

रिक्षात बसताना सुमन म्हणाली, "राजघाटावरून घ्या ना."

"आता? उन्हाचं?"

"पाहून घेते एकदा नीट. मग राहून जाईल."

राजघाटावर पायऱ्या तापलेल्या होत्या. तापीचं पाणी आटून दूर गेलं होतं. दोन बायका धुणं वाळत घालत होत्या आणि एक म्हातारा पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. सुमन मात्र डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होती. धुणं, दगड, पलीकडचा काठ, सगळं एकेक करून, प्रवासाला निघताना माणूस पिशवीत सामान भरतो तसं.

"भूमिकाले सांगू नका आत्ता," ती म्हणाली. "परीक्षा होऊ द्या तिची."

कौतिकला ते सोसवेना. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला, चटका बसला तरी बसला.

"सुमन, तुझ्या डोयाले काही झालं नही."

"डॉक्टरांनीच तर इंदूरले..."

"मी खोटं बोललो. बल्ब नऊचे नहीत राहिले. मी खोलून आतून कमी केले. तापू नये म्हनून, जास्त टिकावे म्हनून. निम्माच उजेड आहे घरात. होळीपासून."

ती त्याच्याकडे वळली. धुणंवाल्या बायकांपैकी एकीने काहीतरी विनोद केला आणि दुसरी मोठ्याने हसली.

"सगळेच?" सुमनने विचारलं.

"सगळेच."

"माझ्या डोक्यावरचा बी?"

"तो बी."

त्याला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडावं असंच त्याला वाटत होतं. ओरडण्याची त्याला सवय होती, त्यात निभावून नेता आलं असतं. ती उठली, साडीचा मागचा भाग झटकला आणि रिक्षाकडे चालू लागली. वाटेत एकदा तिने डोळे पुसले, पण सुटकेने की रागाने, ते त्याला विचारवलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्याने चार नवे बल्ब घेतले. घरात शिरल्याबरोबर स्टूल काढलं. चपलाही त्याने काढल्या नव्हत्या. मधल्या खोलीतले दोन्ही बदलले आणि बटण दाबलं. खोली पांढरीशुभ्र झाली. कोपऱ्यातली जळमटं दिसली, भिंतीवरचे पोपडे दिसले, रफूच्या जागेवरची सतरंजी किती मळली होती तेही दिसलं. इतक्या उजेडात त्याला आपलं तोंड दाखवायची लाज वाटली.

"पेटी आनू तृप्तीकडून?" त्याने हाक मारून विचारलं.

"शालू तिच्या हातून होऊ द्या. तिनं चांगला धरला आहे," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "मग पाहू."

ती चहा टाकत होती. कौतिक स्टूल घेऊन तिकडे गेला.

"हा बी बदलून टाकतो. एक मिनिट अंधार होईल."

"होऊ द्या."

त्याने बटण बंद केलं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. मधल्या खोलीचं दार त्याच्या मागे लोटलं गेलं होतं, त्यामुळे गॅसच्या निळ्या कड्याखेरीज काही दिसेना. तो चाचपडत स्टूलवर चढला, जुना बल्ब फिरवून काढला आणि तसाच थबकला. खाली सुमनचं काम थांबलं नव्हतं. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला, दोन चमचे पडले, डबा बंद झाला. मग चहापत्तीचा. मग तिने दूध ओतलं, आणि धार भांड्याच्या मधोमध पडल्याचं त्याला ऐकू आलं. कुठे ठेच नाही, कुठे धक्का नाही, कुठे हात शोधत फिरल्याची सळसळ नाही.

"सुमन," तो वरूनच म्हणाला, "तुले दिसतं आहे का काही?"

"नही."

"मग?"

"शिकले ना." तिचा आवाज अगदी साधा होता. "तुमी कारखान्यात गेल्यावर डोये मिटून करायची रोज. आईचे हात भाजायचे सारखे, आठवते ना? म्हटलं, जायच्या आधी शिकून ठेवलं तं तुमाले त्रास नही होनार. तुमी आधीच थकून येता."

कौतिकला नवा बल्ब होल्डरात बसवता येईना. बत्तीस वर्षं बारीकसारीक खाचा हाताने ओळखणारा माणूस तो, पण बल्बच्या दोन खिळ्या जागेवर जाईनात. तिसऱ्या खेपेला बसला. तो खाली उतरला आणि भिंतीला धरून बटणापर्यंत गेला.

लख्ख उजेड पडला. ओटा, कप, डबे, सगळं एकदम समोर आलं. सुमन ओट्याशी उभी होती, एका हातात पकड, दुसऱ्या हातात गाळणी, आणि तिचे डोळे मिटलेले होते.

"झालं," कौतिक म्हणाला. "उघड ना डोये. लागला बल्ब."

"थांबा," ती म्हणाली. "चहा गाळून होऊ द्या. आता असंच बरोबर जमते मले."

तिने दोन्ही कप काठापर्यंत भरले. ओट्यावर एक थेंबही सांडला नाही.