शब्दाचा मूळ अर्थ

केशवमास्तरांना शब्दांचा भारी सोस. हा फारसी, तो कानडी, असं चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही.

एकोणीसशे सव्वीस साली भुशीच्या दगडखाणीत नथू कड्यावरून पडला. त्याच्या जोडीला काम करणाऱ्या उत्तरेकडच्या रामसुमेरनं त्याला खांद्यावर घालून चावडीवर आणलं, पण वाटेतच सारं संपलं होतं.

"मास्तर, जबाब तुमीच लिवा," पोलीसपाटील महिपती म्हणाले. "ह्याचं बोलणं आमाला न्हाई उमगत."

रामसुमेर ढसाढसा रडत होता. "बहुत खून हुआ, साहब, मेरे हाथों में!"

मास्तरांनी ऐटीत लिहिलं, 'माझ्या हातून खून झाला.' खाली रामसुमेरचा अंगठा घेतला. वर पाटलांना ऐकवलं, "खून हा फारसी शब्द बरं का. मूळ अर्थ रक्त."

आता बोला! तोंडानं अर्थ सांगितला आणि हातानं माणूस फासाच्या वाटेला लावला. एवढा शहाणा माणूस, पण स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानात शिरलं नाही.

तीन आठवड्यांनी लोणावळ्याच्या बाजारात हलवायाचं बोट सुरीनं कापलं. "अरे, खून निकला!" म्हणत त्यानं बोट तोंडात घातलं. मास्तरांना रामसुमेरचे शब्द आठवले. खरेदी टाकून ते घरी आले आणि बायकोला सगळं सांगून बसले.

"मग वडगावच्या कचेरीत त्याचा खटला चाललाय, तिथं जाऊन सांगा की," लीलाबाई म्हणाल्या.

"लोक हसतील गं. मास्तराला रक्त कळलं नाही म्हणतील."

"आणि तो लटकला म्हणजे?"

तरी तीन दिवस मास्तर गेले नाहीत. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले. चौथ्या दिवशी मात्र लीलाबाईंनी वाढलेलं ताट त्यांच्यानं बघवेना, तसेच उठले आणि वडगावला गेले. मॅजिस्ट्रेटसमोर, भर कचेरीत, मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे. तो रक्त म्हणाला, मी हत्या लिहिली."

कचेरीत कुणीच हसलं नाही. नथूची बायको शालूबाई साक्षीला आली होती, ती तेवढी पुटपुटली, "मी थुकले वो त्याच्या तोंडावर." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या तारखेला रामसुमेर सुटला. कोठडीत त्याचे पुढचे दोन दात गेले होते. मराठीतलं त्याला काही कळलं नव्हतं. मास्तर येऊन बोलले आणि आपण सुटलो, एवढंच त्यानं पाहिलं होतं. त्यानं धावत येऊन मास्तरांचे पाय धरले.

"अरे, तो कागद मीच लिहिला होता," मास्तर कसेबसे म्हणाले.

"हाँ मास्टरजी," रामसुमेर बोळक्या तोंडानं हसला, "आप ही ने लिखा, तभी तो छूटा!"

हेच हिंदीत सांगता आलं असतं. तेवढं हिंदी मास्तरांना येत होतं. पण त्यांनी सांगितलं नाही.