चौथी तार

कापसाचा बोळा बोटांत होता, सरकीचा एक काळा कण अजून त्यात अडकलेला – तो नखानं उकरता उकरता हमीदाच्या मनात आलं, फुलसावंगीला माहेरच्या घरात औंदाचा कापूस आढ्याला टेकलाय, त्याला कुणी विचारत नाही. आणि इथं यवतमाळात, मिशनच्या जुन्या बंगल्यात, मूठभर कापसावाचून आपल्या नवऱ्याचं पान हलत नाही.

पियानोच्या तीन तारांपैकी दोघींना बोळे दाबून गप्प करायचं, मग तिसरी वाजवून चौथी छेडायची, दोघींचा सूर जुळेपर्यंत. इतर पियानोंना वरच्या सुरांत तीन तारा. याला चौथी जास्तीची. हातोडी तिला शिवतसुद्धा नाही, शेजारणी वाजल्या की ही आपोआप गुणगुणते. लग्नाच्या वर्षी रहमतनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजे माह्या जावेसारखी. कोणी हात नाही लावला तरी किणकिण चालूच!" तो इतका हसला की तार ताणायची किल्ली खुंटीवरून निसटली... चाळीस वर्षं झाली. हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस, पण या एका पियानोपुढं अजून नवरदेवासारखा भांग पाडून येतो.

कान मात्र आता तिचा. पिंजाऱ्याची लेक ती. दुसरीपुढं शाळा नाही, पण बापाच्या पिंजणीची तात वाजली की कापूस ओला की कोरडा, ओसरीवरून सांगायची. तीन वर्षांमागं कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि रहमत शेजारी पेपर वाचत बसून राहिला – तेव्हा ती काही बोलली नाही. (मी बोलले नाही, मी! सांगून पाहा मोहल्ल्यात, कुणाला पटायचं नाही.) पुढच्या खेपेला एवढंच म्हणाली, बोळे वळायला येते. तो किल्ली फिरवतो, दोन तारांचे सूर एकमेकांवर लहरत राहतात, लहर मंदावते, विरते... आणि नेमक्या त्या क्षणी ती खेकसते, "चष्मा पुसा तो, धूळ पाहा केवढी!" त्याचा हात थांबतो. यावर दोघं कधी अवाक्षर बोलली नव्हती.

आज सगळ्यात वरचा सूर तेवढा उरला होता. उद्या मुलांचं गाणं. रहमतनं पट्टी दाबली, चौथी तार छेडली.

हमीदाला लाकडाचा ठक्क आवाज आला. बस, एवढाच. पंख्यानं असेल... "प्रियंका, पंखा बंद कर वं." मुलांना गाणं शिकवणारी प्रियंका बटण दाबून वह्या घेऊन व्हरांड्यात गेली. पंखा थांबला, रस्त्यावरचा ट्रक गेला, छपरावरची कबुतरं उडाली – आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. ठक्क.

रहमतचा हात फिरतच होता. नजर तारेवर, पण मान तिच्याकडं किंचित कललेली, बोलणी खायला तयार. म्हातारी तार, अजून केसभर ताणली तर तुटेल, आणि यवतमाळात दुसरी मिळायची नाही. बोल हमीदा, काहीतरी बोल... चष्मा, टोपी, सकाळी सांडलेला चहा... खोटंच खेकसावं? हात थांबेल. उद्या बेसूर वाजलं तर नाव जाईल ते त्याचं. जन्मात पहिल्यांदा तिला खेकसायला काही सुचेना.

"थांबा," ती म्हणाली. नुसतंच.

तो दचकून वळला. "काय झालं वं?"

"मले आयकू नाही आलं."

रहमतनं चष्मा कपाळावर सरकवला. मग मिशा हलल्या. "म्हंजे आता मी एकटाच बहिरा नाही."

"तुम्ही कायचे बहिरे! तुमचा कान तर माह्या तोंडात होता."

तो हसला, तसाच, चाळीस वर्षांपूर्वीसारखा. किल्ली मात्र या वेळी घट्ट धरून. "प्रियंका मॅडमले हाक मारू?"

नको, तिला वाटलं. कालची पोरगी ती. या एवढ्याशा जागेत, त्याच्या हाताच्या आणि आपल्या तोंडाच्या मध्ये, आणखी कुणी... पण तार तशीच ताणलेली होती.

"प्रियंका! ये, बैस इथं." स्टूल सोडून ती उठली. "दोन सूर एक झाले की सांगत नको बसू. खेकस. नाहीतर तुह्या चाचाचा हात थांबत नाही."

"चाची, चाचांवर कशी खेकसू मी?"

"एवढं कॉलेज केलं अन् हे नाही शिकवलं?"

रहमतनं किल्ली फिरवली. हमीदा पियानोच्या कडेला हात टेकून पोरीच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली – कपाळावर आठी, ओठ जरासे उघडे. या पोरीचा राग यायला हवा होता, तशी तयारीही तिनं केली होती... पण पोरीचा श्वास अडला तसा तिचाही अडला, आणि कानांत काहीच नसताना आपल्याही जिभेवर काहीतरी जमून येतंय – चष्मा असेल, टोपी असेल – असं तिला वाटत राहिलं...