काठोकाठ चिपटं

मी एक जुनं चिपटं आहे. मित्रांनो, चिपटं म्हणजे काय हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमची चूक नाही. तुमच्या घरी पिठाच्या डब्यात प्लास्टिकची वाटी असते, नाहीतर आइस्क्रीमचा रिकामा कप. मी त्यांच्या कितीतरी आधीचं. धान्य आणि पीठ मोजायचं माप. जाड पत्र्याचं गोल अंग, काठाला पितळेची पट्टी आणि सपाट तळ. मला काठोकाठ भरलं की दोन भाकरींचं पीठ होतं, एक चिमूट इकडं नाही की तिकडं नाही. ही बढाई नाही. बरं, थोडीशी आहे.

पाचोडच्या आठवडी बाजारात धोंडिबा लोहारानं मला घडवलं. मला विकत घेतलं ते आवडाबाईनं, खुरपणीच्या मजुरीतून. तेव्हा ती तरणीताठी बाई होती आणि तिचा सर्जेराव अजून रांगत होता. तिच्या सासूचं माप पोचे पडलेलं होतं. त्या मापानं मोजून दिलेल्या पिठात घरातली सगळी जेवत आणि सुनेला तव्यावरचा करपलेला पापुद्रा मिळे. पोटाला फडकं बांधून निजलेले दिवस आवडाबाई विसरली नव्हती. ती धोंडिबाला म्हणाली, "मला खरं माप दे, बाबा. उद्या माझ्या घरात सून येईल, ती उपाशी निजाया नाय पायजे."

धोंडिबानं मला पक्क्या मापाशी ताडून पाहिलं आणि तिच्या हातात ठेवलं. "घे माय. हे खोटं बोलायचं नाय," तो म्हणाला.

पुढं सर्जेराव मोठा झाला, वाळूजकडच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला आणि आम्ही शहरात, गारखेड्यात दोन खोल्यांत राहायला आलो. मालनबाई सून म्हणून आली, करुणा जन्मली. आवडाबाईच्या डोळ्यांवर पडदा आला, ऑपरेशन करूनही फारसं दिसेना. पण तिचा एक शिरस्ता सुटला नाही. सकाळ-संध्याकाळ मालन पिठाचा डबा उघडायची आणि हाक मारायची, "आत्याबाई, या." म्हातारी भिंत धरत येऊन डब्याशी बसायची. मालन मला भरून पुढं धरायची. आवडाबाई माझ्या काठावरून तळहात फिरवायची, वरचं पीठ सपाट करायची आणि म्हणायची, "एक." असं चारपर्यंत. चार माणसं, चार चिपटी, आठ भाकरी. प्रत्येकाच्या पानात दोन.

शेजारणी हसायच्या. सुनेवर विश्वास नाही म्हणून म्हातारी मोजते, असं त्यांना वाटायचं. पण मालनला खरं ठाऊक होतं. सासू पीठ जास्त जाईल म्हणून मोजत नव्हती, कमी पडेल म्हणून मोजत होती. त्या सुरकुतलेल्या हाताखाली मी रोज काठोकाठ भरायचो. मित्रांनो, मापाच्या जातीला याहून मोठं सुख कोणतं?

मग दिवस फिरले. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात सर्जेरावचंही नाव गेलं. एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमनचं काम मिळालं, पण पगार निम्म्यावर आला. नेमका तेव्हाच करुणाला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. सर्जेराव बायकोला म्हणाला, "एखादं वर्ष थांबू दे पोरीला."

मालन खालच्या आवाजात म्हणाली, "थांबली की थांबलीच. ती शिकंल. घरखर्चाचं मी बघती."

आणि तिनं बघितलं. बाई टुकीनं संसार करणारी. छावणीच्या बाजाराला ती बाजार उठायच्या वेळी जायची, तेव्हा भाजीवाले उरलेला माल मिळेल त्या भावात देऊन मोकळे होतात. तेलाची पिशवी रिकामी झाली की कात्रीनं कापून, आतली बाजू कणकेनं पुसून घ्यायची. कोथिंबिरीच्या काड्या वरणात, दोडक्याच्या शिरांची चटणी. चहाची पूड वाळवून पुन्हा उकळायची. एवढं करूनही किराणा आवरेना, कारण खरा पैसा जायचा ज्वारीत. ज्वारीचा भाव गव्हाच्याही वर गेलेला. रेशनकार्ड अजून पाचोडला दिराकडं. आणि ज्वारीला हात लावायचा तर मध्ये आवडाबाईचा तळहात होता. तीनवर थांबली असती तर म्हातारीनं विचारलं असतं, चौथं कुठाय? नातीची फी आणि आपलं पोट समोरासमोर ठेवलीत हे कळलं असतं, तर तिनं आधी स्वतःचंच जेवण सोडलं असतं. मालनला हे पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी आवडाबाई वंदनेला विहारात गेली होती. मालननं मला डब्यातून काढलं, पुसलं आणि दाराच्या उंबऱ्यावर पालथं ठेवलं. मला वाटलं, घासणार असेल. तिनं खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि माझ्या तळावर घाव घातला. मग दुसरा, मग आणखी. माझा सपाट तळ आत गेला, पोटात उंचवटा उभा राहिला. काठाला मात्र तिनं धक्काही लागू दिला नाही.

बाजारात म्हणतात, मापात पाप नको. ते पाप आता माझ्या पोटात होतं. त्या संध्याकाळी आवडाबाईचा हात माझ्या काठावरून फिरला, वर पीठ सपाट लागलं, ती समाधानानं म्हणाली, "एक." मला धोंडिबा आठवला. लाजेनं मी पिठात तोंड लपवावं म्हटलं, पण पिठानंच भरलेलो, लपणार कुठं? मालनचा मला फार राग आला. आंधळ्या म्हातारीला फसवते ही बाई, असं मी मनात म्हणत राहिलो.

चार चिपटी म्हणून मोजलेल्या पिठाच्या सातच भाकरी झाल्या. आता कुणाच्या पानात एक कमी पडते ते पाहू, म्हणून मी डब्याच्या उघड्या झाकणाआडून पाहत होतो. आवडाबाईच्या पानात दोन. सर्जेरावच्या पानात दोन. करुणा पुस्तक मांडीवर घेऊन जेवत होती, तिच्याही पानात दोन. सगळे हात धुऊन उठल्यावर मालन बसली. दुरडीतली उरलेली भाकरी तिनं चार तुकडे करून खाल्ली, दर तुकड्यामागं पाणी प्यायली आणि तांब्या रिकामा करून उठली.

मला रडू यावं असं माझ्यात काही नाही, मित्रांनो. मी पत्रा आहे. पण त्या संध्याकाळी माझा राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कधी करुणा विचारायची, "आई, तू बस ना आमच्यासंगं." मालन म्हणायची, "बसा तुम्ही. मी करता करताच खाल्ली एक." हे वाक्य त्या घरात इतकं रुळलं की कुणी पुढं विचारीनासं झालं. म्हातारी तर निर्धास्त होती. चार चिपटी तिनं स्वतःच्या हातानं मोजलेली होती.

किराणा दुकानदार सांडूसुद्धा मालनची थट्टा करायचा. "वैनी, ज्वारी लई पुरवून ऱ्हायल्या. दुसऱ्या दुकानात तर जात नाय ना?"

"नाय भाऊ. जपून वापरती," मालन म्हणायची.

सर्जेराव हे चारचौघांत कौतुकानं सांगायचा. आमच्या घरी बिल कमी, पण खाण्यात कमी नाही, म्हणायचा. करुणाची फी वेळेवर भरली जात होती. पहिलं वर्ष पार पडलं, दुसरं लागलं. मालनच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या, तेव्हा तिनं त्यांना दोरा गुंडाळला. जिना चढताना ती मध्येच टेकायची. मला पिठातून उचलताना ती दोन्ही हात लावायची. हे मला कळत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गल्लीत तापाची साथ आली. घरोघरी माणसं पडली आणि आठवडाभरात उठलीही. करुणा पडली, उठली. म्हातारी पडली, तीही उठली. मालन पडली आणि उठली नाही. दवाखान्यातून ती परत आली ती चादरीत गुंडाळून.

डॉक्टर काय म्हणाले ते मला नंतर कळलं. सर्जेराव आईपाशी बसून सांगत होता. "डाक्टर म्हणले, बाईच्या अंगात रक्तच नाय. बाई जेवत व्हत्या का नीट? मी म्हणलो, व्हय साहेब, आमच्या घरी जेवणाला कमी नाय. माझी माय सोता मोजून घेती."

आवडाबाई नुसती मान हलवत राहिली. "मोजून घेती मी," ती म्हणाली. "चार चिपटी. रोज."

मालनचा जलदानविधी झाला, पाहुणे पाचोडला परतले. त्या संध्याकाळी करुणानं पहिल्यांदा पिठाचा डबा उघडला. "आजी, ये," तिनं हाक मारली. आवडाबाई येऊन बसली. माणसं तीन राहिली होती. काठावरून हात फिरला, "एक," मग "दोन," मग "तीन." चौथ्यासाठी पुढं झालेला तळहात तिनं मागं घेतला.

तीन चिपट्यांच्या सहा भाकरी व्हायला हव्या होत्या. पाच झाल्या आणि उरलेल्या पिठाची तळहाताएवढी एक. करुणाला वाटलं, आपलाच हात बसलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पातळ थापल्या, तरी तेच. ती स्वतःशीच बोलली, "आई चार चिपट्यांत चौघांना पुरवायची. मला तिनांत तिघांचं जमंना."

मग तिनं मला उचलून उजेडात धरलं. आत पाहिलं. बोट घालून तळाचा उंचवटा चाचपला, मला उलटं करून बत्त्याचे घाव पाहिले. ते एकावर एक नीट घातलेले होते. पडून असा पोचा येत नाही.

"आजी," ती म्हणाली, "हात घाल यात."

इतक्या वर्षांत आवडाबाईनं माझ्या आत कधी हात घातला नव्हता. तिची बोटं काठावरून आत उतरली आणि मध्येच तळाला लागली. जिथं लागायला नको होती तिथं लागली. तिनं तो उंचवटा कडेपर्यंत चाचपला. मग विचारलं, "कवापासनं?"

करुणाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं. "माझ्या फीपासनं," ती म्हणाली आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. "मी शेजारी बसून जेवत व्हते, आजी. रोज दोन भाकरी खात व्हते."

सर्जेराव दारात उभा होता. कामाची टोपी त्याच्या हातात होती, ती डोक्यावर घालायची की खाली ठेवायची हेच त्याला सुचत नव्हतं.

म्हातारी रडली नाही. ती म्हणाली, "माझी सासू सुनेला उपाशी निजवायची, म्हणून हे माप आणलं मी. आन् माझ्याच हाताखाली माझी सून उपाशी निजली." मग तिनं मला मुलाकडं सरकवलं. "ठोक. सरळ कर."

"राहू दे माय," सर्जेराव म्हणाला. "तिच्या हातचं हाय ते."

"ठोक म्हणती ना. आता हिच्या हातात हाये माप. ही बी तिचीच पोर हाये."

सर्जेरावनं आतून बत्ता मारून माझा तळ बाहेर काढला. अगदी पूर्वीसारखा झाला नाही, पण माप खरं झालं. त्या संध्याकाळी कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही आणि सवयीनं चार मोजली गेली. आठ भाकरी झाल्या. तिघं जेवली. दुरडीत दोन उरल्या, फडक्याखाली झाकलेल्या. त्यांच्याकडं कुणाला बघवेना आणि त्या कुणाला उचलवेनात.

मित्रांनो, काटकसर वाईट नाही. तेलाची पिशवी जरूर पुसा, बाजार उठताना भाजी घ्या. पण घरचं बिल कमी झालं की कौतुक करण्याआधी एवढं पाहा, की ते कुणाच्या पानातून कमी झालं. जे माणूस सगळ्यांच्या मागून जेवतं, ते "मी खाल्लं" म्हणालं तर तेवढ्यावर उठू नका. आम्ही भांडी सगळं पाहतो, पण आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.

करुणा आता शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी ती पीठ घेते, तेव्हा आवडाबाई आधी माझ्या तळाला हात लावते, मग काठाला, आणि तीन मोजते. पण तिचं मोजणं तिथं संपत नाही. जेवायला बसलं की ती विचारते, "करुणे, तुझ्या पानात किती?"

"दोन, आजी."

म्हातारी अंधारात चाचपडावं तसा हात पुढं करते, नातीच्या ताटात फिरवते. दोन्ही भाकरी बोटांना लागल्या की मगच ती आपल्या भाकरीचा तुकडा मोडते.