बाराव्या दिवसानंतरची हवा

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मैदानावरचा नव्हे, पडद्यावरचा. एका पातळ डिस्कवर माझा सगळा संसार मावतो. हवा नसलेला एक ग्रह, त्यावर काचेचा एक घुमट, घुमटात राहणारी तीनशे बारा माणसे आणि त्यांच्या वतीने निर्णय घेणारे तुम्ही. माझ्या हजारो प्रती निघाल्या. जन्मापर्यंतच्या आठवणी आम्हा सगळ्यांच्या सारख्याच आहेत. पुढे जो तो आपापल्या घरी गेला. मला इथे माझे कौतुक सांगायचे नाही. ते पुष्कळ झाले. मला माझ्या पोटातली एक चूक सांगायची आहे.

मी घडलो तो चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, चार खोल्यांच्या एका कंपनीत. खिडक्यांसमोर लाँड्रीची मागची भिंत होती, त्यामुळे भर दुपारीही दिवे लावूनच काम चाले. लेखिकेने घुमटातली माणसे लिहिली. प्रोग्रामरने त्यांना चालते-बोलते केले. कंपनीच्या प्रमुखाने तारीख ठरवली. आणि टेस्टरने मला तपासले.

टेस्टर म्हणजे खेळात कुठे काय बिघडते ते शोधणारी बाई. ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, कारण बारीकसा खडासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. ती घुमटाच्या भिंतींना घासत तासन्‌तास चाले, कुठे पाय आरपार जातो का ते बघायला. डॉक्टरची गाठ पडण्याआधीच ती त्याला मरू देई आणि नंतर तो बोलतो का ते पाही. एकदा एका मेलेल्या आचाऱ्याने तिला सूप वाढले. तिने आपल्या कागदावर नोंद केली, 'आचारी मृत. सूप गरम.' प्रोग्रामर दोन दिवस हसत होता.

पण या कामाची एक बाजू फारशी हसण्यासारखी नव्हती. माझ्यात पावलोपावली निवड करावी लागते. औषध कोणाला द्यायचे, खोटे कोणाशी बोलायचे, कोणाला मागे ठेवून यायचे. भल्या माणसाने जे कधीच केले नसते, तेही तिला करून पाहावे लागे, कारण कुणीतरी ते करणारच होते. तिची मोठी बहीण फोनवर विचारी, "आज किती जणांना मारलंस?" आणि ती खरा आकडा सांगे.

माझ्या मधोमध एक दार आहे. खेळ सुरू झाल्यापासून नऊ तासांनी तुम्ही त्या दारापाशी पोहोचता. घुमटातली हवा तेव्हा कमी होत चाललेली असते, कारण हवा तयार करणाऱ्या शेवाळाच्या टाक्या नासल्या आहेत. नेमक्या त्याच वेळी एक मोडके यान बाहेर उतरते. त्यात चाळीस माणसे. ती दार ठोठावतात. उघडायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे.

लेखिकेने हे असे योजले होते. दार उघडले, तर पहिले अकरा दिवस फार कठीण जातील. तीनशे बारांच्या हवेत तीनशे बावन्न जण श्वास घेतील. पण त्या चाळीस जणांत टाक्या दुरुस्त करणारे लोक आहेत. बाराव्या दिवसापासून त्यांचे काम फळाला येईल आणि मग हळूहळू हवा वाढू लागेल. दार बंद ठेवले, तर घुमट कसाबसा तगेल. पण बाहेरचे ठोठावणे दोन दिवस ऐकू येत राहील आणि मग थांबेल.

आता चूक कशी झाली ते सांगतो. प्रोग्रामरने हवेचे एक कोष्टक केले होते. माणसांनी संपवलेली हवा त्यात अधिक धरली होती आणि टाक्यांनी दिलेली हवा उणे. काम संपत आले तेव्हा त्याला हे उलटे करणे सोयीचे वाटले, आणि त्याने सगळ्या ओळींची चिन्हे बदलली. फक्त त्या चाळीस जणांच्या दुरुस्तीची ओळ लेखिकेने उशिरा मागून घेतली होती, म्हणून ती वेगळ्या फाइलमध्ये होती. तिथे तो पोहोचलाच नाही. ती ओळ जुन्या पद्धतीने उणेच राहिली. त्यामुळे ती माणसे टाक्या जितक्या नीट करत, तितकी हवा झपाट्याने संपे. एकोणिसाव्या दिवशी सगळे मरत. कायम. तुम्ही काहीही केले तरी.

टेस्टरकडे तेव्हा दोन दिवस उरले होते आणि यादीत साठ गोष्टी होत्या. उघड्या दाराचा मार्ग तिने चिन्हे बदलण्याआधी दोनदा शेवटपर्यंत तपासला होता. या वेळी ती बाराव्या दिवसापर्यंत खेळली. आलेली माणसे अवजारे घेऊन टाक्यांत उतरताना तिने पाहिली. सगळे ठीक दिसत होते. 'उघडे दार, शेवटपर्यंत' या ओळीपुढे तिने खूण केली आणि पुढच्या कामाला लागली.

मी बाजारात आलो आणि माझा बोलबाला झाला. वर्तमानपत्रांनी लिहिले की हा खेळ खोटा धीर देत नाही. चांगुलपणाची किंमत मोजावी लागते, हे मुलांना सांगण्याची हिंमत अखेर कोणीतरी केली. हवा संपतानाचा प्रसंग तर सर्वांच्या तोंडी झाला. त्यात घुमटातली शिक्षिका मुलांना जमिनीवर बसवून पाढे म्हणून घेते आणि पाढे हळू हळू होत जातात. तो प्रसंग लेखिकेने टाक्या वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी लिहिला होता. आता तो दार उघडणाऱ्यांच्या वाट्याला येऊ लागला.

लेखिकेला हे खटकले. पण प्रमुखाने शेवट मुद्दाम बदलून घेतला असेल, असे तिला वाटले. प्रमुखाला वाटले, लेखिकेनेच तो लिहिला. दोघांनाही शाबासकी मिळत होती आणि दोघांनीही एकमेकांना विचारले नाही.

तीन महिन्यांनी एका खेळाडूचे पत्र आले. त्याने दिवसागणिक हवेचे आकडे लिहून पाठवले होते आणि विचारले होते, दुरुस्ती सुरू झाल्यावर हवा जास्त वेगाने कशी संपते? टेस्टरने ते आकडे वाचले. ती पत्र घेऊन प्रमुखाच्या खोलीत गेली. लेखिकेला आणि प्रोग्रामरलाही बोलावले गेले.

प्रोग्रामरने फाइल उघडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "एक चिन्ह आहे. दोन मिनिटांचं काम."

प्रमुख म्हणाला, लोक ज्याला सत्य म्हणून डोक्यावर घेतायत ते आपण चूक म्हणून परत घ्यायचे का? त्याने लेखिकेकडे पाहिले. तिला त्याच आठवड्यात त्या शेवटासाठी पारितोषिक जाहीर झाले होते. ती पेनाचे टोपण काढत आणि लावत राहिली.

टेस्टर म्हणाली, पण ते खोटे आहे. मग प्रमुखाने कपाटातून तपासणीचा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"ही खूण कुणाची?" तो शांतपणे म्हणाला. "शेवटपर्यंत, असं लिहिलंय. दुरुस्ती करायची तर चूक कशी राहिली तेही सांगावं लागेल. सांगू या?"

तिने कागद पाहिला. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती या विषयावर कोणाशीच बोलली नाही. चार वर्षे.

मित्रांनो, आता माझ्या स्वतःच्या घराविषयी. मी निघालो त्याच दिवशी टेस्टरने मला आपल्या भाचीला दिले होते. भाची तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या घरी खेळायचे यंत्र नव्हते, म्हणून सुट्टीच्या दुपारी ती मावशीकडे येई. पाय पोटाशी घेऊन सतरंजीवर बसे आणि ओठ चावत खेळे. कोणाला औषध द्यायचे हे ठरवायला तिला पाऊण तास लागला होता. माझ्या आयुष्यात मला इतक्या मनापासून कोणी खेळले नाही.

दारापाशी आली तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता दार उघडले. एकोणिसाव्या दिवशी सगळे मेले. तिला वाटले, आपले काही चुकले. तिने पुन्हा सुरुवात केली, अन्न कमी वाटले, दिवे मालवले, दार उघडले. सगळे मेले. तिसऱ्या वेळी तिने तीनशे बारांतल्या प्रत्येकाची झोपेची वेळसुद्धा ठरवली. पाढे तसेच हळू होत गेले. चौथ्या वेळी तिने दार बंद ठेवले. ठोठावणे ऐकू येऊ लागले तेव्हा तिने आवाज बारीक केला. घुमट वाचला. मावशी तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. पत्र आले त्याला महिना झाला होता.

भाची नंतरही मला कितीतरी वेळा खेळली. दार मात्र तिने पुन्हा कधी उघडले नाही.

ती पंधरा-सोळाची झाली तोवर कंपनी बंद पडली होती आणि टेस्टर एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबले तपासत होती. एका रविवारी ती बहिणीकडे जेवायला गेली. बहिणीने शाळेतून आलेली चिठ्ठी दाखवली. वर्षाच्या मध्येच एक मुलगी वर्गात आली होती. तिची बोली वेगळी होती आणि तिला शिकवलेले नीट समजत नसे. प्रयोगशाळेत चौघींचे गट होते. भाचीच्या गटात जागा होती, पण गटप्रमुख म्हणून तिने नाही म्हटले. मग बाकीच्या गटांनीही तोच कित्ता गिरवला. ती मुलगी चार महिने सिंकजवळच्या बाकावर एकटीच बसत राहिली आणि मग शाळेत यायची बंद झाली. बाईंनी लिहिले होते, हुशार मुलीकडून ही अपेक्षा नव्हती.

"तिला घेतलं असतं तर आम्हा तिघींचे गुण गेले असते," भाची म्हणाली. तिला यात लाजण्यासारखे काही दिसत नव्हते. "मावशी, तुला तरी कळायला हवं. दार उघडलं की काय होतं, मी तीनदा बघितलंय."

"अगं, खेळातलं काय सांगतेस," बहीण म्हणाली आणि भात वाढायला लागली. मावशीने पुढचा घास घेतलाच नाही.

एका खेळाने एक मूल बदलले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. ती मुलगी मला न खेळताही अशीच वागली असती, हेही शक्य आहे. पण टेस्टर अशा शक्यतांवर समाधान मानून झोपणारी बाई नव्हती. तिने प्रोग्रामरला शोधून काढले. तो आता एका बँकेत काम करत होता. त्याने जुन्या संगणकातून माझी मूळ फाइल काढून दिली आणि तिने स्वतः ते चिन्ह बदलले. खरोखरच दोन मिनिटे लागली.

मग खेळ बाजारात आल्यापासून पहिल्यांदाच ती, सबंध दोन दिवस रजा काढून, उघड्या दाराचा मार्ग शेवटपर्यंत खेळली. बाराव्या दिवशी हवेचा काटा खाली यायचा थांबला. विसाव्या दिवशी तो वर सरकला. बाहेरून आलेल्या एका म्हाताऱ्याने टाकीतले पहिले हिरवे पाणी ओंजळीत घेऊन शिक्षिकेला दाखवले आणि मुलांनी त्यात बोटे बुडवली. लेखिकेने लिहिलेला तो प्रसंग खेळात इतक्या वर्षांत कोणाही खेळाडूच्या वाट्याला आला नव्हता.

भाचीला तिने घरी बोलावून सगळे सांगितले. कोष्टक, चिन्ह, खूण, कागद. माझ्या जन्मानंतरचे हे सगळे मीही तेव्हाच ऐकले. शेवटी भाची म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"चार वर्षं."

"म्हणजे मी दार बंद केलं तेव्हा तू इथेच बसली होतीस."

"हो."

"मला कितीदा वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तू नुसत्या घड्या घालत होतीस, मावशी."

टेस्टरने तिला दुरुस्त केलेला खेळ खेळून बघायला सांगितला. भाचीने नकारार्थी मान हलवली. तिने एवढेच विचारले, की ती मुलगी कुठे गेली ते शोधता येईल का.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. शाळेच्या नोंदीतला पत्ता एका भाड्याच्या खोलीचा होता. तिथे आता शिवणयंत्रे दुरुस्त करणारा माणूस राहत होता. आधीचे भाडेकरू कुठे गेले ते त्याला माहीत नव्हते, घरमालकालाही नाही. त्यांनी शेजारची तीन दारे ठोठावली. एका बाईला तेवढे आठवत होते, की मुलगी फार अभ्यास करायची आणि कोणाशी बोलायची नाही. भाची त्या जिन्यात बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर भाची मावशीकडे फारशी आली नाही.

दुरुस्त केलेली प्रत जगात एकच आहे आणि ती मी नव्हे. मी भाचीची प्रत. ती मला मावशीकडेच सोडून गेली, आणि पुढे आवराआवरीत मी रद्दीबरोबर बाहेर पडलो. माझ्यासारख्या हजारो प्रती अजून घराघरांत आहेत आणि प्रत्येकीत ती उणे चिन्हाची ओळ आहे. मला स्वतःला ती बदलता येत नाही. मी जसा लिहिला गेलो तसाच चालतो.

म्हणून मित्रांनो, मला जपून, पुसून-झाकून ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी एवढीच विनंती आहे. एखादी गोष्ट तुम्हाला जगाची रीत शिकवू लागली, तर ती कोणी लिहिली, कोणी तपासली आणि शेवटपर्यंत तपासली का, हे जरूर विचारा. विचारायला लाजू नका; आणि तुमच्या हातून चूक राहिली असेल, तर ती सांगायला चार वर्षे लावू नका. मी कधी तुमच्या हाती लागलो, आणि तुम्ही दार उघडलेत, आणि बाराव्या दिवसानंतर हवा वेगाने संपू लागली, तर तुमचे काहीही चुकलेले नाही. तुम्ही बरोबर केलेत. चुकलो आहे तो मी.