शेवंताबाईचा पाय

शेवंताबाई बॉलकडे बघतच नव्हती. धुळ्याच्या त्या मैदानावर दहा पोरी एका बॉलमागे धावत होत्या, पायऱ्यांवर बसलेली माणसं बॉलबरोबर माना फिरवत होती, आणि हिची नजर एका डाव्या पायाला चिकटलेली. निळा बूट, पांढरा मोजा, आणि मोज्याच्या आत आवळून बांधलेली पट्टी. त्या पट्टीचं फक्त दोघींना ठाऊक होतं. एक शेवंताबाई, दुसरी तिची लेक चारुलता.

"तुमची मुलगी कोणती?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"ते काय, सात नंबर."

"अगंबाई, काय उंच आहे हो!"

"बापावर गेली," शेवंताबाई म्हणाली. पायावरची नजर तिनं काढली नाही.

विभागाच्या संघात बाराच पोरी घ्यायच्या होत्या, त्या राज्य स्पर्धेला जाणार. चारू दहावीत. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

पोर तशी रावेरकडची, केळीच्या घरातली. आठवीत असताना शाळेत दिपमाला मॅडम बास्केटबॉल शिकवायला आल्या. शाळेचं मैदान म्हणजे सिमेंटचा एक तुकडा आणि एकच रिंग. मॅडमनी बॉल फेकला, चारूनं झेलला, आणि मॅडम बघतच राहिल्या. "हिच्या हातात बॉल आला की आवाजच होत नाही!" होईल कसा? कापणीच्या वेळी बाप झाडावरून घड उतरवायचा आणि ही तो खाली अलगद झेलायची. घडाला जरा धक्का लागला की साल काळी पडते आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. त्याच हातांनी चारू तालुक्याला जिंकली, मग जळगावला जिल्हा जिंकली. पेपरात फोटो आला तेव्हा तिच्या बापानं, गिरधरभाऊंनी, तो कापून देवघराशेजारी चिकटवला आणि आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवला.

आणि चार दिवसांपूर्वी सराव करताना तिचा घोटा मुरगळला.

आता शेवंताबाई पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे सगळ्या गावाला पक्कं ठाऊक. केळी उचलणाऱ्या गावात पाठींना काय तोटा? रोज सकाळी कुणी ना कुणी तिच्या उंबऱ्यापाशी पालथं पडलेलं असायचं. ही चौकट धरायची, डावा पाय तीनदा पाठीला लावायची, आणि माणूस कंबर चोळत, हसत घरी जायचा. तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. गावात तिला मान होता तो त्या पायाचा.

चारू हे बघतच वाढली. म्हणून त्या दिवशी ती घरात आली, दार लोटलं आणि चटईवर बसून पाय पुढे केला.

"आई, पाय लाव."

"अवं, हे पाठीचं असते. घोट्याचं नही," शेवंताबाई म्हणाली. "दवाखान्यात जाऊ ना."

"दवाखान्यात गेलं का मॅडमले समजते. मॅडमले समजलं का मी बाहेर. लाव ना आई! साऱ्या गावाले लावते, मले नही लावत?"

या शेवटच्या वाक्यापुढे कुठल्या आईचं काय चालतं? शेवंताबाईनं पाय लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चारूच कळवळून म्हणाली, "जोरानं दे." तिनं जोरानं दिला, आणि आतून कट्‌कन आवाज आला.

शेवंताबाईनं पाय झटकन मागे घेतला.

"बसलं वाटते जागेवर," चारू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तो आवाज तेव्हापासून शेवंताबाईच्या कानात बसला होता. भाकरी मोडली तरी तो, धुळ्याला येताना एसटीच्या खिडकीची काच वाजली तरी तो. चार दिवस तिनं गिरधरभाऊंना सांगितलं नाही, मॅडमना सांगितलं नाही. देवाला मात्र सारखं सांगत होती, जणू तोच निवड करणार होता.

मैदानावर शिट्टी वाजली. चारूनं उडी मारून बॉल रिंगमध्ये टाकला आणि टाळ्या पडल्या. उतरताना तिनं सगळा भार उजव्या पायावर घेतला. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते दिसलं नाही. दुसऱ्या उडीला तसं जमलं नाही. डावा पाय टेकला आणि क्षणभर पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. लगेच ती हसली आणि पळाली. ते हसणं शेवंताबाईच्या ओळखीचं होतं. पोरीचा बाप मणभराचा घड खांद्यावर घेताना असाच हसतो.

मध्यांतर झालं. चारूनं पाणी पिता पिता पायऱ्यांकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. नाही. सांगू नको.

शेवंताबाई उठली, परत बसली. सांगितलं तर पोरीचं दोन वर्षांचं रक्ताचं पाणी वाया. नाही सांगितलं तर पायच वाया. आणि सांगायचं तरी काय? की माझ्याच पायानं केलं? ज्या पायाला गाव हात जोडतं त्या पायानं? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून आपण गप्प बसलोय हे ध्यानात आलं तेव्हा तर जास्तच वाटली. ती पदर खोचून पायऱ्या उतरायला लागली.

"आई, वर जाय!" चारू तिला बघून ओरडली.

शेवंताबाई थेट दिपमाला मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. "मॅडम, तिचा घोटा सुजेल हाये. चार दिवस झाले."

"काय? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मी पाय देलता त्याच्यावर. मी पायाळू हाये ना. त्याच्यातून आवाज आलता." तिनं चारूकडे बोट केलं. "पोरीची चूक नही. माही हाये."

आजूबाजूच्या पोरी बघायला लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी विरलं. मग त्यांनी खाली बसून चारूचा बूट काढला, पट्टी सोडली. घोटा जांभळासारखा झाला होता.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "आता एक पाऊलही टाकायचं नाही."

"मॅडम, अर्धाच खेळ राह्यला! प्लीज, मॅडम!"

मॅडमनी मान हलवली आणि दुसऱ्या पोरीला हाक मारली. तिनं चारूचीच जागा घेतली.

धुळ्यातच एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर होती. मुरगळण्यानं गेली की पाय दिल्यानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, "आणखी दोन-चार उड्या मारल्या असत्या तर ऑपरेशनच करावं लागलं असतं. आता सहा आठवडे प्लास्टर."

जळगावला गाडी बदलताना शेवंताबाईनं आधाराला हात पुढे केला. चारूनं तो घेतला नाही, कंडक्टरच्या आधारानं ती चढली. रावेरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रडायचं तरी कुणाजवळ? घरी आल्यावर गिरधरभाऊंनी प्लास्टरच्या पायाखाली उशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी फोनवर यादी पाठवली. चारूनं ती बघितली आणि फोन पालथा घातला. शेवंताबाईला विचारायची गरज पडली नाही.

एवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. केळी भरणाऱ्या टोळीचे मुकादम, जीवराम नाना, कमरेत वाकून उभे होते. सवयीप्रमाणे काही न विचारता ते उंबऱ्यापाशी पालथे पडले.

"लाव माय. ट्रक उभा हाये."

शेवंताबाई भिंतीला टेकून उभी राहिली. "नाना, मी आता पाय लावत नही. दवाखान्यात जा तुम्ही."

"कामून व? काय झालं?"

साठीचा माणूस तसाच तोंड मातीला लावून पडून राहिला. उठायचं म्हटलं तरी त्याला कुणीतरी उठवायला हवं होतं.

"लाव ना, आई."

आवाज आतून आला. धुळ्यापासून चारू पहिल्यांदा बोलत होती. "नानाची पाठ हाये ती. घोटा थोडीच हाये."

शेवंताबाईनं वळून बघितलं. चारूचा पांढरा पाय उशीवर होता. ती हसत नव्हती, पण आईकडेच बघत होती.

शेवंताबाई मोरीत गेली, पाय धुतला, पदरानं पुसला. चौकट धरली. पाय उचलला. तिनं तो थोडा वेळ तसाच अधांतरी धरला. मग अलगद, घड खाली ठेवतात तसा, नानांच्या पाठीवर टेकवला.

"अवं, जोरानं दे ना," नाना म्हणाले.

"नही नाना," शेवंताबाई म्हणाली, "एवढाच."