निळ्या टाक्याचं गाठोडं

"धुतलेलंच किती वेळा धुवायचं म्हणते मी! कापड आहे की पाप?" इस्त्रीच्या टेबलाशी धाकटी पुटपुटली. स्वतःशीच, पण मोठीला ऐकू जाईल इतपत.

मोठीने कानाआड केलं आणि गाठोडं पुन्हा मशिनमध्ये कोंबलं.

बंदराजवळची ती लॉन्ड्री दोघी जावांची. प्रत्येक जहाजाच्या कपड्यांना कॉलरखाली वेगळ्या रंगाचा टाका घालायचा, कपडे परत देताना उसवायचा. निळा टाका दोस्त देशाच्या युद्धनौकेचा. त्या देशाशी करार झाला तेव्हा मोठीनेच गल्लीभर मिरवलं होतं, "बड्या घराशी सोयरीक झाली, आता आपल्याकडे डोळे वटारायची कुणाची छाती आहे?" नौकेवर इथलीही पोरं घेणार असं कळलं, तेव्हा कडक इस्त्रीचे शर्ट देता देता तिने अधिकाऱ्याकडे धाकटीच्या मुलासाठी शब्द टाकला. पोरगं हसत म्हणालं, "काकू, आता माझेही कपडे फुकट धुवायचे हं!"

मग दूरच्या समुद्रात दोन बड्यांची जुंपली, त्यातला एक आपला दोस्त. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असं करारातच होतं. नौका तडकाफडकी निघाली, कपडे इथेच राहिले. त्यात पोराचाही एक शर्ट होता.

नौकेशी संपर्क तुटल्याची बातमी आली, त्यानंतर काहीच नाही. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढेना. मोठीच्या डोक्यात मात्र एक खूळ बसलं: काम अपुरं असलं की गिऱ्हाईक पुन्हा खेप घालतंच. म्हणून गाठोडं वाळत आलं की ती ते परत भिजवायची.

मशिन थांबलं. मोठीने पोराचा शर्ट झटकला, तर कॉलर विरून फाटलेली. धाकटीने तिच्या हातातून शर्ट घेतला, कात्री उचलली आणि निळा टाका कापला.

"अगं, हे काय करतेस! तो आल्यावर उसवू ना..."

"जाऊबाई," धाकटीने शर्टाची घडी घातली. "त्याचं भलं व्हावं म्हणूनच केलंत, कळतं मला. पण त्याला पाठवलंत तुम्हीच. आणि तो आता येणार नाही."