साठवणीतले डोळे

संगणकावर माणसाचं डोकं घडवणारे लोक नाकापायी दोन दिवस घालवतात, कानाच्या पाळीवरून भांडतात, आणि डोळे मात्र आधीच करून ठेवलेल्या साठवणीतून उचलून खोबणीत बसवतात. सगळेच तसं करतात, म्हणून त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. सेऊलाही म्हणत नव्हती.

वेलिंग्टनला, मिरामारच्या एका सिनेमाच्या कार्यशाळेत, ती बारा वर्षं डोळे करत होती. राक्षस असो की राणी, डोळ्यांची पाळी आली की काम तिच्या टेबलावर यायचं. नव्या लोकांना ती पहिल्याच दिवशी सुनावायची, "डोळा म्हणजे रंगवलेली गोटी नव्हे. बुबुळ आत बशीसारखं खोलगट असतं. त्याच्यावर काच पुढे आलेली असते. पापणीला जाडी असते, आतल्या कोपऱ्यात गुलाबी मांसाचा कण असतो. आणि खालच्या पापणीच्या काठावर पाण्याची रेघ असते, केसाएवढी. ती काढून टाकलीत की मेलेला माणूस तयार होतो."

एवढं ज्ञान पाजळणाऱ्या बाईच्या साठवणीत डोळ्यांची जोडी मात्र एकच होती. ती तिच्या धाकट्या भावाची, आलापातीची.

ती शिकाऊ होती तेव्हा दुपारच्या सुट्टीत तिनं त्याला चहूबाजूंनी फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पिंजऱ्यात बसवलं होतं. तो एकोणीस वर्षांचा, हातात अर्धा खाल्लेला पाव. "डोळे मिचकावू नकोस रे गाढवा." "मग तू बोलू नकोस, मला हसू येतं." त्या फोटोंवरून तिनं तीन महिने खपून ती जोडी केली. पुढे रंग बदलायचा, पापण्या ओढायच्या, सुरकुत्या घालायच्या, की झाला नवा डोळा. सोळा सिनेमांत तो कुणाकुणाच्या चेहऱ्यातून बघत होता. रोज पाहून पाहून सेऊलाला तो दिसेनासा झाला होता.

खरा आलापाती सात वर्षांपूर्वी मकाराच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून शिंपले काढायला समुद्रात उतरला. गाडी सापडली, कपडे सापडले, तो सापडला नाही. पोलिसांनी तेव्हा आईच्या, लोसाच्या, गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना मागितला होता. "तो हाडं ओळखायला लागतो," आई म्हणाली. "माझा पोरगा हाडं नाही." तिनं दिला नाही, आणि आईच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून सेऊलानंही दिला नाही. त्यानंतर सात वर्षं आई रात्रीची धड झोपली नाही. कॅनन्स क्रीकमधल्या घराच्या दाराला आतून कडी घातली नाही. तो आला तर त्याला ठोठावावं लागू नये म्हणून.

मार्चमध्ये वायरारापाच्या एका ओढ्यात कवटी सापडली. पुरुष, सेऊलाच्या लोकांसारखाच बेटांवरच्या वंशाचा, वय पंचवीस ते तीस, मरून तीन ते दहा वर्षं झालेली. नाव नाही, गाव नाही. सार्जंट डेलाहंटी नावाची पोलीसबाई कार्यशाळेत आली आणि म्हणाली, "तुम्ही लोक नसलेली माणसं करता. असलेला एक कराल का?"

काम सेऊलाकडे आलं. तिच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. कवटीचा आराखडा पडद्यावर उघडल्या उघडल्या तिनं दात मोजले. खालची उजवी दाढ जागेवर होती. आलापातीची नव्हती. दारूच्या गुत्त्याबाहेर मारामारीत ती फुटली होती, आणि आईला कळू न देता सेऊलानंच त्याला नेऊन ती काढून आणली होती. म्हणजे हा तो नव्हे. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मग ती कामाला लागली.

हाडांच्या तज्ज्ञानं मांसाच्या जाडीच्या खुणा दिल्या होत्या. सोबत एक टिपण होतं: डाव्या डोळ्याच्या खोबणीचा तळ कधीतरी मोडून खालीच जुळला आहे, डावा डोळा तीन मिलिमीटर खाली आणि आत समजावा. सेऊलानं ते वाचलं. पण डोकी घडवताना आरसा चालू ठेवायची सवय असते, म्हणजे उजवीकडे हात फिरवला की डावीकडे आपोआप तेच होतं. नाक झालं, ओठ झाले, आणि शेवटच्या दुपारी कॅलम, तिचा वरिष्ठ, खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "डोळे राहिलेत? बसव की तुझे नेहमीचे. आणि त्याला जरा जिवंत कर. भेसूर चेहरा पाहून कुणी फोन करत नाही." तिनं नेहमीची जोडी उचलली, बसवली, तपकिरी रंग भरला. दोन्ही डोळे एका रेषेत. टिपण कागदांच्या खाली गेलं.

गुरुवारी सहाच्या बातम्यांत चेहरा दाखवणार होते. सेऊला आईकडे होती. संध्याकाळची प्रार्थना नुकतीच झाली होती आणि आई चटईवरून उठत होती. पडद्यावर तो चेहरा आला. आई अर्धवट उठलेली तशीच थांबली.

"आलापाती," ती म्हणाली.

सेऊलानं पाहिलं, आणि तेव्हा कुठे तिला दिसलं. नाक परक्याचं, हनुवटी परक्याची, आणि त्यातून तिचा भाऊ बघतोय.

"आई, थांब. ते डोळे..."

"डोळेच गं! मला काय सांगतेस? मी जन्म दिलाय त्यांना." आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, उगाच म्हणत नाहीत आपल्यात. पोलिसांना नाही सापडला, समुद्राला नाही सापडला. तुला सापडला."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण आई रडत होती, सात वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडत होती, आणि सेऊला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या रात्री आईनं दाराला कडी घातली आणि सकाळी आठपर्यंत झोपली.

डेलाहंटी घरी आली. फोन बरेच आले होते, पण ठाम असा एकच, आईचा. आईनं आ करून नमुना दिला. "आणि दात? कधी डेंटिस्टकडे गेला होता?" डेलाहंटीनं विचारलं.

"माझा पोरगा? दातांनी नारळ सोलायचा. बत्तीसच्या बत्तीस होते त्याचे."

डेलाहंटीनं सेऊलाकडे पाहिलं. सेऊला चहाचे कप उचलून आत गेली.

निकालाला तीन आठवडे लागणार होते. तीन आठवडे आई झोपेल, असं सेऊलानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. ज्याचा चेहरा होता त्याचीही कुणी आई असेल, तिनंही बातम्या पाहिल्या असतील आणि 'हा आपला नव्हे' म्हणून टीव्ही बंद केला असेल, हे तिला रोज कळत होतं, आणि ती रोज गप्प बसत होती.

आईनं मात्र घर डोक्यावर घेतलं. ऑकलंडच्या मावश्यांना फोन झाले, मूळ गावी, सवाई बेटावर, निरोप गेला. ट्रंकेतून बारीक विणीची चटई निघाली. तिच्या आजीनं विणलेली, रेशमासारखी मऊ, घराण्यात फक्त मोठ्या माणसाच्या मयताला बाहेर निघणारी. पांढरे कपडे शिवायला टाकले. आणि वर्तमानपत्रातला तो चेहरा एका भाच्यानं मोठा करून आणला. आईनं तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

रोज संध्याकाळी चर्चच्या बायका सोबतीला बसायच्या. त्यांत सिएनी कधी चुकली नाही. तीन वर्षांपूर्वी ऑकलंडहून इकडे राहायला आलेली, दोन गल्ल्या सोडून घर. येताना अळूच्या पानांत नारळाचं दूध शिजवून भांडं भरून आणायची.

"लोसा, तुझा निदान सापडला गं," ती म्हणायची. "माझा फेलेटी बसलाय ब्रिस्बेनला. भांडून गेला तो गेला. चार वर्षांत एक फोन नाही मेल्याचा."

"येईल गं. पोरं रागावतात."

"रागावू दे. जिवंत आहे ना? मग बसू दे रुसून." एकदा तिनं शिंपल्यांचा हार आणला आणि स्वतःच्या हातानं चौकटीला घातला. मागे सरून बघत राहिली. "ओळखीचा वाटतो हं चेहरा."

"आपली पोरं सगळी एका साच्यातली," आई म्हणाली, आणि दोघी थोड्या हसल्या. मग सिएनीनं भजन उचललं. तिचा आवाज चांगला होता. सेऊला दाराशी उभी राहून ऐकत होती.

मंगळवारी डेलाहंटी आली, आणि ती टोपी काढून आत आली तेव्हाच सेऊलाला कळलं. नमुना जुळला नव्हता.

"यंत्रं चुकतात," आई शांतपणे म्हणाली. "परत करा. मला माझ्या पोराचे डोळे कळत नाहीत का?"

"कळतात," सेऊला म्हणाली. "आई, ते त्याचेच डोळे आहेत. माझ्याकडे होते. मीच ह्याला बसवले."

आईला आधी काही कळेना. सेऊलानं सगळं सांगितलं. कॅमेऱ्यांचा पिंजरा, साठवण, सोळा सिनेमे. मग दाढ. दाढेचं सांगताना तिला डेलाहंटीकडे बघवेना.

"तुला कधीपासून माहीत होतं?" आईनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

आईनं तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली. भिंतीवरची चौकट काढली, हार काढून बाजूला ठेवला आणि चौकट मांडीवर घेऊन बसली. "तीन आठवडे मी ह्याला माझा म्हणून रडले," ती म्हणाली. "ह्याच्या आईचं रडणं मी रडले. ती कुठे आहे? शोध तिला. जा."

सेऊला कार्यशाळेत परत गेली आणि तिनं कागदांखालचं टिपण काढलं. आरसा बंद केला. साठवणीला हात लावला नाही. कोऱ्या गोळ्यापासून सुरुवात केली. डावा डोळा तीन मिलिमीटर खाली आणि आत ढकलला. वरची पापणी त्याच्यावर ओघळली, भुवई तिच्या मागे आली, आणि त्या बाजूचा गालही बदलला. दोन दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. पडद्यावर एक निराळाच माणूस तयार झाला, एका बाजूनं जागा, एका बाजूनं पेंगुळलेला.

"बिघडवलास की गं," कॅलम म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

शुक्रवारी सहाला नवा चेहरा दाखवणार होते. भिंत आता रिकामी होती, पण सिएनी आली होती. दुःख टळलं म्हणून सोबत टाळायची तिची रीत नव्हती. ती भांडं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती, तेवढ्यात पडद्यावर चेहरा आला.

तिनं भांडं खाली ठेवलं. झाकण सरकलं होतं, ते नीट लावलं.

"शाळेत लागलं होतं त्याला," ती म्हणाली. "रग्बीत. कुणाचा तरी बूट लागला." "मी चिडवायची त्याला. अर्धा झोपलेला म्हणायची. चिडायचा."

आई उठून तिच्याकडे गेली.

"ब्रिस्बेनला नाही गेला तो," सिएनी म्हणाली. "लोसा, मी त्याला हार घातला. तीन आठवडे समोर बसून गायले, आणि मी म्हणत होते, माझा जिवंत आहे."

मग ती खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो भजनाचा नव्हता. सेऊला दाराशी होती. कुणी तिला आत बोलावलं नाही, आणि आत जायचं तोंडही तिला नव्हतं.

सिएनीचा नमुना जुळला, आणि फेलेटीला पोरिरुआच्या टेकडीवर पुरलं. घराण्याची चटई आईनं स्वतः नेली आणि त्याच्या पेटीवर अंथरली. बायका कुजबुजल्या, कारण ती चटई एकदा दिली की दिली. आलापातीसाठी आता काही उरलं नव्हतं. सिएनीनं आईला मिठी मारली. सेऊलाच्या समोरून ती गेली, थांबली नाही.

परतताना आई गाडीत खिडकीशी बसली. मग म्हणाली, "त्याचे डोळे अजून तुझ्या त्या यंत्रात आहेत?"

"आहेत."

"उघडे?"

"हो."

"सात वर्षं." आई खिडकीबाहेर बघत होती. "मेलेल्या माणसाचे डोळे कुणी उघडे ठेवतं का गं? मिटव. बाहुली ना तू त्याच्या डोळ्यातली? मग तुझंच काम ते."

"आई, तू म्हणालीस तो मेलेला..."

"ऐकलंय मी, मी काय म्हणाले ते."

सोमवारी सकाळी सेऊलानं साठवणीतली जोडी उघडली. आरसा बंद केला. एकेक डोळा मिटायचा होता. वरची पापणी धरून खाली ओढली तर ती पुढे आलेल्या काचेला अडली. तिला काचेवरून वळसा द्यावा लागला, मग थोडी खाली, मग थोडी आत, काठाला काठ लागेपर्यंत. डावा झाला, मग उजवा. मिटल्यावरही पापणीखाली तो फुगवटा दिसत होता, झोपलेल्या पोराच्या दिसतो तसा.

खालच्या पापणीच्या काठावर पाण्याची रेघ तेवढी उरली होती. ती काढून टाकली की काय होतं, हे तिनंच बारा वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं ती काढली.